आप्पांच्या गाडीचे सहा पिस्टन

आप्पा काळ्यांची फुलांची गाडी भीमेच्या चढावरून मागे घसरली आणि किसन जाधवची तीन बोटं गेली, हे शिरूर-दौंड भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ती का घसरली, याबद्दल मात्र चहाच्या टपरीपासून कचेरीच्या ओट्यापर्यंत जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं खोटं आणि उरलेलं अर्धवट आहे. ‘शिकलगार मिस्त्रीनं हेड घासलं, म्हणून इंजिन फुटलं,’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी तीन गावांत ऐकलं. एकदा तर सांगणाऱ्याला पत्ताच नव्हता की शिकलगार मिस्त्री त्याच्या शेजारीच बसून चहा पितोय. मी तेव्हा काही बोललो नाही. आता हातात पाना धरवत नाही, पण लेखणी धरवते. म्हणून झालं ते सगळं, माझ्या चुकीसकट लिहितो.

माझे वडील गावोगाव फिरून विळ्या-कात्र्यांना धार लावायचे. मी लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात इंजिनाचं काम शिकलो आणि लढाई संपल्यावर शिरूरला रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. त्या काळी आमच्या भागात गाड्या मोजक्या. ज्या होत्या त्या लिलावातल्या, दोन-तीन धन्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांचे सुटे भाग नवे मिळायचेच नाहीत. त्यामुळे ह्या गाडीचं त्या गाडीला लावणं हाच आमचा धंदा होता, आणि ह्या धंद्यात सगळं शहाणपण एकाच गोष्टीत होतं. एखादा भाग जागेवर बसला, म्हणजे तो जुळला असं नाही. बोल्ट बसतो, भोकं जमतात, झाकण लागतं, गाडी सुरूही होते. जुळलं की नाही, ते पुढे चढावर कळतं.

आप्पा काळे निमोण्याचे. विहिरीच्या पाण्यावर शेवंती आणि झेंडू काढायचे. त्यांनी आणखी चौघा बागायतदारांना धरून एक अमेरिकन मोटार घेतली होती, लढाईच्या आधीची, सहा सिलिंडरची. मागची बाजू कापून तिला लाकडी हौदा बसवला होता. निमोण्याहून फुलांच्या पाट्या भरायच्या, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडायची, केडगावजवळ सोलापूर रस्त्याला लागायचं आणि दौंड स्टेशनात मुंबईची गाडी गाठायची. केडगावलाही स्टेशन होतं, पण ती गाडी तिथं थांबत नसे. दौंडला गाडी चुकली की फुलं दुसऱ्या दिवशीपर्यंत फलाटावर पडायची. शेवंती एक दिवस कशीबशी दम काढते, झेंडू पार मान टाकतो.

गाडी चुकायची ती भीमेमुळे. नदीवर तेव्हा पूल नव्हता, नुसती पाण्यालगतची फरशी होती, आणि फरशी ओलांडली की पलीकडच्या काठावर खडा चढ. भरलेली गाडी तिथं दम टाकायची. किसन ड्रायव्हर अर्ध्या पाट्या खाली उतरवायचा, गाडी वर न्यायचा, पुन्हा खाली येऊन पाट्या डोक्यावरून वर चढवायचा. त्यात तास मोडायचा.

किसन हा आप्पांच्याच वाडीतला. तिशीतला, कमी बोलणारा, गाडीला नावं न ठेवणारा ड्रायव्हर. असे ड्रायव्हर मी माझ्या आयुष्यात चारच पाहिले.

पावसाळा सरत आला तसे आप्पा माझ्याकडं आले.

“मिस्त्री, दसऱ्याला माल लई हाय औंदा. गाडीत जोर घाला.”

“किती जोर घालायचा, आप्पा?”

“चढ चढंल एवढा.”

मी म्हटलं, “जोर घालतो, पण आधी ब्रेक बघू. पळवायचं नंतर, थांबवायचं आधी.”

आप्पा हसले. “तुम्ही म्हंजी सोयरीक जमायच्या आधी सोडचिठ्ठीचं बोलताय.”

मी काय करणार होतो ते सोप्या शब्दांत सांगतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल शिरतं, पिस्टन वर येऊन ते दाबतो, ठिणगी पडते आणि त्या भडक्यानं पिस्टन खाली ढकलला जातो. जितकं जास्त दाबाल तितका जोर जास्त. दाब वाढवायचा एक मार्ग म्हणजे इंजिनाचं झाकण, ज्याला आम्ही हेड म्हणतो, ते खालून थोडं घासून काढायचं. वरची जागा कमी झाली की दाब वाढतो. पण त्याला मर्यादा आहे. त्या काळचं पेट्रोल हलकं, त्यात कुणी रॉकेल मिसळलेलं. फार दाबलं तर ठिणगी पडायच्या आधीच ते पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतो. बाहेर ऐकू येते ती डब्यात खिळे हलवल्यासारखी टकटक. ती टकटक ऐकूनही जो पाय काढत नाही, त्याचं इंजिन फार दिवसांचं नाही.

म्हणून मी मापून काम करायचो. आमच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली काचेची पिचकारी माझ्याकडं होती. तिनं हेडच्या खोबणीत तेल भरायचं आणि किती मावलं ते बघायचं. आणि वर येणारा पिस्टन आणि हवा-धुराची वाट उघडायला खाली येणारा व्हॉल्व्ह यांच्यात किती जागा राहते, ते बघायला कणीक. पिस्टनच्या डोक्यावर कणकेची गोळी ठेवायची, हेड बसवून आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं, मग उघडून दबलेली कणीक सुरीनं कापायची आणि तिची जाडी मोजायची. घरून वाटीभर कणीक मागितली की आमची मंडळी विचारायची, “आज किती गाड्या जेवायला आहेत?”

मी आप्पांच्या गाडीचं हेड घासून घेतलं. किती घासलं ते माझ्या वहीत लिहिलं. जुन्या पिस्टनांवर कणीक ठेवून तपासलं, जागा पुरेशी होती. आता झिजलेल्या पिस्टनांच्या जागी नवे घालायचे, रेडिएटर मोठा लावायचा आणि ब्रेकचे झिजलेले पट्टे, नवे हाती आले की, बदलायचे, एवढं राहिलं होतं.

इथं जावईबापू आले.

वसंतराव हे आप्पांचे थोरले जावई. सरकारी कामावर ओव्हरसियर होते, रस्ते आणि मोऱ्या बांधायचे. हुशार माणूस, पण हुशारी कुठपर्यंत पोचते ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते पुण्याच्या जुन्या बाजारातून सहा पिस्टन घेऊन आले. चकचकीत, तेलकट कागदात गुंडाळलेले.

“ट्रकच्या इंजिनाचे आहेत,” ते म्हणाले. “त्याच घराण्यातलं इंजिन. दुकानदारानं बसवून दाखवले. अगदी बरोबर बसतात. आणि ट्रकचे म्हणजे जोर जास्तच.”

मी जुना पिस्टन आणि नवा पिस्टन शेजारी ठेवले आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर लावला. गोलाई सारखी होती. पिस्टन ज्या पिनेनं खालच्या रॉडला जोडतात, तिचं भोक सारखं होतं. पण पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची नव्यात जास्त होती. नखाच्या जाडीपेक्षा थोडी अधिक, एवढीच. डोळ्याला दिसणार नाही, पण माझ्या घासलेल्या हेडखाली ती फार होती.

मी म्हटलं, “हे चालायचे नाहीत. हे लांब रॉडच्या नाही, आखूड रॉडच्या इंजिनाचे आहेत. ह्यात घातले तर डोकं वर येऊन व्हॉल्व्हला भिडेल. नाही भिडलं तर दाब इतका वाढेल की पेट्रोल सोसणार नाही.”

“दुकानदारानं बसवून दाखवले ना,” वसंतराव म्हणाले.

“बसतात. मी कुठं नाही म्हणतोय?”

“मग?”

ह्या ‘मग’चं उत्तर मी त्यांना कणीक ठेवून दाखवू शकलो असतो. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण त्यांनी पुढं म्हटलं, “मिस्त्री, हे धार लावायचं काम नाही. ह्यात शिक्षण लागतं.”

माझ्या बापाच्या धंद्याचं नाव त्यांनी त्या सुरात घेतलं, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “मग शिकलेल्याकडून करून घ्या.” इंजिन बांधून, जुने पिस्टन घालून, गाडी मी आप्पांच्या हवाली केली आणि पुढचं काम सोडलं. हेड घासलंय एवढं मी आप्पांना सांगितलं. किती घासलंय, आणि त्यामुळं पुढं कुठले भाग चालणार नाहीत, हे मी कुणालाच सांगितलं नाही. ते वहीत राहिलं आणि वही शेडमध्ये.

वसंतरावांनी गाडी दौंडला नेली. तिथं वाफेच्या इंजिनांवर हात बसलेला एक फिटर फावल्या वेळात मोटारींची कामं करायचा. चांगला कारागीर होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला हेड घासल्याचं कुणी सांगितलंच नाही. त्यानं सहा पिस्टन घातले, हेड आवळलं, इंजिन सुरू केलं. इंजिन जोरात बोललं. ब्रेकचे पट्टे बदलायचे राहूनच गेले, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

गाडी दहा-बारा दिवस उत्तम चालली. हे सांगितलंच पाहिजे. निमोण्यात लोक म्हणू लागले की शिरूरच्या मिस्त्रीला जमलं नाही ते दौंडला झालं. टकटक किसनला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. तो वसंतरावांना म्हणालाही, आणि ते म्हणाले, “जोराच्या इंजिनाचा आवाज असाच असतो.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हौद्यात शिगोशीग शेवंती होती, वर झेंडूच्या पाट्या बांधलेल्या. दुपारची वेळ, ऊन कडक. किसनबरोबर आप्पांचा भाऊबंद शंकर बसला होता. फरशीवरून घोटाभर पाणी वाहत होतं. किसननं गाडी चढाला घातली. मागून मला त्यानं सांगितलं ते असं: “अर्ध्या चढापतुर मी एकदा बी थांबलो न्हाई, मिस्त्री. मला वाटलं आज पाट्या उतरवाय नगंत. आन् मग आतून कुणीतरी घण घातल्यावानी झालं.”

पाचव्या सिलिंडरचा पिस्टन फुटला होता. तुकडा अडकून इंजिन जागच्या जागी थांबलं, किसननं क्लच दाबला आणि गाडी मागं सरू लागली. ब्रेक दाबला, पण झिजलेले पट्टे, त्यात पाण्यानं भिजलेले. शंकरला स्टिअरिंग सोपवून किसननं उडी मारली आणि काठावरचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सारला. धोंडा बसला. गाडी एकदा हिसका देऊन आणखी वीतभर मागं आली, आणि त्या वीतभरात किसनचा उजवा हात होता.

गाडी कलली तशा वरच्या पाट्या सुटल्या आणि नदीत गेल्या. खालच्या अंगाला कपडे धुणाऱ्या बायकांनी आधी पाण्यावरून वाहत येणारी पिवळी फुलं पाहिली, मग ओरडा ऐकला. त्याच धावत वर आल्या. त्यांनीच शंकरच्या मदतीला लागून गाडीखालून हात सोडवला आणि लुगड्याच्या पदरात बांधला. एका बैलगाडीतून किसनला सोलापूर रस्त्यापर्यंत आणि तिथून एका मालट्रकनं दौंडच्या दवाखान्यात नेलं. हात वाचला. मधली दोन आणि करंगळी गेली.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्याबरोबरच हेही कळलं की दोष माझा आहे. वसंतराव सगळ्यांना सांगत होते की मिस्त्रीनं हेड घासून इंजिन कमजोर करून ठेवलं होतं. माझ्या शेडवर येणारी गिऱ्हाइकं चार दिवस आलीच नाहीत. पाचव्या दिवशी मी हत्यारांची पेटी सायकलला बांधली आणि निमोण्याला गेलो.

गाडी आप्पांच्या खळ्यात ओढून आणून ठेवली होती. वसंतराव तिथंच होते. मी म्हटलं, “आप्पा, गावातल्या चार माणसांना बोलवा. मला इंजिन उघडायचंय.”

“आता उघडून काय उपेग?” आप्पा म्हणाले.

“माझ्या नावावर काय काय पडलंय ते बघतो.”

माणसं जमली. मी हेड उतरवलं. आतलं दृश्य मी कधी विसरणार नाही. पाचवा पिस्टन तडकून डोक्याचा चतकोर निघाला होता. उरलेल्या पाचांच्या डोक्यांवर चंद्रकोरीसारखे बारीक ठसे होते. व्हॉल्व्ह रोज थोडा थोडा टेकत होता. मी एक धड पिस्टन बाहेर काढला, दौंडहून गाडीबरोबर परत आलेला जुना पिस्टन त्याच्या शेजारी ठेवला, दोघांच्या पिनेच्या भोकातून एकच सळई घातली आणि आप्पांच्या हातात दिलं.

“बोट फिरवा डोक्यावरून.”

आप्पांनी अंगठा फिरवला. अंगठा मधे अडला. त्यांनी ते शेजारच्याला दिलं, त्यानं पुढच्याला. सगळ्यांचा अंगठा तिथंच अडत होता. वसंतरावांनी हातात घेतलं नाही.

मग मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. “हे पिस्टन ह्या इंजिनाचे नाहीत, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. पण हेड मी घासलं होतं आणि किती घासलं ते दौंडच्या फिटरला कळवायचं काम माझं होतं. मी रागानं गप्प बसलो. एवढी चूक माझी आहे.”

वसंतराव लगेच म्हणाले, “झालं. स्वतःच कबूल केलं. आता आणखी काय पाहिजे?”

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या खरेपणाचाच संताप आला. खोटं बोलणारा माणूस आपली बाजू सोडत नाही, आणि आपण एक पाऊल मागं घेतलं की तो सगळी जागा घेतो.

आप्पांनी ते दोन पिस्टन पुन्हा हातात घेतले आणि म्हणाले, “जावईबापू, मिस्त्रीनं आपल्या वाटची चूक उचलून घ्येतली. तुमच्या वाटची आजून हितंच पडलीया.”

वसंतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते घरात गेले. त्यांनी ती चूक शेवटपर्यंत उचलली नाही. पुढं ते वरच्या हुद्द्यावर गेले. माझ्याबद्दलचं ते वाक्य मात्र गावोगाव राहिलं, कारण खळ्यात आम्ही दहा माणसं होतो आणि वाक्य ऐकणारे शेकडो.

इंजिन मी पुन्हा बांधलं, योग्य पिस्टन शोधून, हेडखाली तांब्याची जाड गॅस्केट घालून, म्हणजे घासलेलं थोडं भरून काढून. ब्रेक नवे केले. आणि त्या वेळी माझ्या लक्षात आलं की मीही सुरुवातीला चुकीच्या जागी हात घातला होता. चढ चढायला इंजिनात जोर कोंबायची गरजच नव्हती. मागच्या आसातलं दातेरी चाक बदलून ट्रकचं घातलं असतं, ट्रकचं तेवढंच ह्या गाडीला खरं जुळत होतं, तर सपाटीवर गाडी हळू धावली असती पण चढ सरळ काढला असता. मी तेच घातलं. पाट्या न उतरवता गाडी चढ चढली. किसन हाताला पट्टी बांधून शेजारी बसला होता. हे आधी सुचलं असतं तर, हा विचार मी आजही करतो.

हात भरून आल्यावर किसन एक दिवस शेडवर आला. “मिस्त्री, त्ये दुकान दावा मला.”

आम्ही दोघं एसटीनं पुण्याला गेलो. पिशवीत ते सहा पिस्टन होते, आणि दुकानाचा शिक्का असलेले त्यांचे तेलकट कागद. दुकानदार पन्नाशीचा, गोडबोल्या, कपाळाला गंध. मी पिस्टन फळीवर मांडले आणि काय झालं ते सांगितलं. किसननं हात पुढं केला.

“अरेरे,” दुकानदार म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं, मला तसं दिसलं. मग त्यानं फुटलेला पिस्टन बाजूला ठेवला, उरलेले पाच फडक्यानं पुसले, डोक्यावरचे ते ठसे अंगठ्यानं चाचपले आणि फळीवर मागं लावून टाकले. “हे परत घेतो, तुमचं नुकसान नको. बसायला बरोबर आहेत हो हे.”

मी काही बोलायच्या आत किसननं फळीवरून पिस्टन उचलले, बाहेर ओट्यावर ठेवले, दुकानातलाच हातोडा डाव्या हातात घेतला आणि एकेक फोडला. डाव्या हाताची सवय नव्हती, दोन घाव चुकले. दुकानदार अडवायला आला नाही. पाचवा फुटल्यावर म्हणाला, “फोडा. आत अजून दोन खोकी आहेत.”

त्यात धमकी नव्हती, राग नव्हता. माहिती दिल्यासारखं बोलला.

किसननं हातोडा ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो, व्हर्नियर काढला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारायचो, गाडी कोणती, जुना भाग आणलाय का, आणि घेतलेला भाग मापून द्यायचो. कुणी माझ्यावर खेकसलं की किसन नुसता हात दाखवायचा. दुकानदारानं एकदा पोलिसांचं नाव काढलं, पण बोलवायला कुणाला पाठवलं नाही. संध्याकाळी फळ्या लागेपर्यंत आम्ही बसून होतो. चार जणांना आम्ही रिकाम्या हातांनी परत पाठवलं. त्यातला एक नगरकडचा ट्रकवाला होता, त्यानं जाताना आम्हाला दोघांना चहा पाजला.

तो एकच दिवस. दुसऱ्या दिवशी माझ्या शेडवर दोन गाड्या उभ्या होत्या आणि किसनला फुलं घेऊन दौंडला जायचं होतं. पुण्यातलं ते दुकान मात्र रोज उघडत होतं.